मोठ्या इमारतीचा कार्बन हिशेब: मीटर, डिझेल आणि एसीतला गॅस

मार्च संपला की वर्षभराची विजेची बिलं गोळा करायची, युनिटांची बेरीज करायची, तिला एका गुणांकाने (एका युनिटामागे किती कार्बन डायऑक्साइड, त्या आकड्याने) गुणायचं आणि आलेला आकडा अहवालात लिहायचा. बहुतेक इमारतींचा कार्बन हिशेब असाच होतो आणि त्यात दोन चुका हमखास राहतात. बिलावरचा भलताच आकडा उचलला जातो आणि एसीच्या यंत्रांतून गळलेल्या गॅसची नोंद कुठेच होत नाही. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी हिशेब महिन्याच्या महिन्याला, मीटररूममध्ये आणि प्लँटरूममध्येच लिहिला गेला पाहिजे. वर्षअखेरीला ऑफिसात बसून तो जुळवता येत नाही, कारण जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या युनिटमध्ये किती किलो गॅस भरला हे मार्चमध्ये कोणालाच आठवत नसतं.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात शहराचं २०१९ सालचं उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन धरलं आहे. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा एका जागी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींमध्ये जळणाऱ्या विजेचा आणि इंधनाचा. सेबीच्या नियमांमुळे बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे या कंपन्या जिथे भाडेकरू आहेत त्या टॉवरमध्येही आता हा आकडा मागितला जातो. पुढची पद्धत ऑफिस टॉवर, मॉल, हॉटेल, हॉस्पिटल आणि उंच सोसायटी या सगळ्यांना लागू पडते. फरक पडतो तो हद्द ठरवताना.

आधी हद्द, मग आकडे

उत्सर्जन तीन व्याप्तींत मांडतात. इमारतीत प्रत्यक्ष जळलेलं इंधन आणि गळलेला वायू ही पहिली व्याप्ती. विकत घेतलेली वीज ही दुसरी. बाकी सगळं, म्हणजे कचरा, टँकरचं पाणी, भाडेकरूंचा स्वतःचा वापर, वीजवहनातली गळती, हे तिसऱ्या व्याप्तीत.

खरा गोंधळ भाडेकरूंच्या विजेवर होतो. मध्यवर्ती चिलर (सगळ्या इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) मालक चालवत असेल, तर चिलर, पंप, कूलिंग टॉवर यांची वीज मालकाच्या दुसऱ्या व्याप्तीत जाते. भाडेकरूच्या गाळ्यात स्वतंत्र मीटर असेल आणि तिथले दिवे, संगणक, स्प्लिट एसी त्याच्याच ताब्यात असतील, तर ती वीज भाडेकरूची दुसरी आणि मालकाची तिसरी व्याप्ती. सोसायटीत लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटर सोसायटीचं असतं आणि फ्लॅटमधली वीज तिसऱ्या व्याप्तीत येते. कोणता नियम लावला ते एका पानावर लिहून ठेवा आणि दरवर्षी तोच लावा. शक्य असेल तर संपूर्ण इमारतीचा आकडाही वेगळा काढा. न्यूयॉर्कचा ‘लोकल लॉ ९७’ हा २०१९ चा कायदा २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना असाच संपूर्ण इमारतीचा आकडा मागतो, भाडेकरूंचा वापरही त्यात धरतो आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड लावतो. आपल्याकडे असा दंड नसला तरी शहराच्या दृष्टीने तोच आकडा महत्त्वाचा आहे.

क्षेत्रफळही एकदाच ठरवा. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप यांतलं एकच घ्या. पार्किंग धरलं की नाही तेही लिहा. चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर येतात.

वीज: बिलावरचा नेमका कोणता आकडा घ्यायचा

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (वीजकंपनीला पुरवावी लागणारी एकूण, म्हणजे आभासी ऊर्जा) युनिटांवर होते. बिलावर ठळक दिसतो तो हाच आकडा, आणि घाईत तोच उचलला जातो. उत्सर्जनासाठी हवेत केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेची युनिटं. या दोघांचं गुणोत्तर, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.९५ असेल तर २४,००,००० केडब्ल्यूएच वापर बिलात सुमारे २५,२६,००० केव्हीएएच दिसतो. चुकीचा आकडा घेतला तर सव्वा लाख युनिटं, म्हणजे ९० टनांहून जास्त उत्सर्जन, नसताना तुमच्या नावावर चढतं. बिलावर दोन्ही रीडिंग छापलेली असतात. केडब्ल्यूएचची ओळ शोधा आणि वर्षभर तीच वापरा.

स्वतः मीटर वाचत असाल तर गुणक तपासा. समजा मीटर १००/५ सीटीसाठी (मोठा प्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी) बनवलेला आहे आणि क्युबिकलमध्ये (मीटरच्या कपाटात) प्रत्यक्ष २००/५ चा सीटी बसवलेला आहे. तर मीटरवरच्या रीडिंगला २ ने गुणावं लागतं. बिलावर हा गुणक छापलेला असतो, तो क्युबिकलवरच्या पट्टीशी एकदा पडताळून घ्या. लोड वाढवताना सीटी बदलला आणि लॉगबुकातला जुना गुणक तसाच राहिला, असं फार वेळा होतं.

सब-मीटरमध्ये वेगळ्या खोड्या असतात. तीन फेजपैकी एका फेजचा सीटी उलटा बसला, तर समतोल लोडवर मीटर खऱ्याच्या फक्त एक तृतीयांश युनिटं दाखवतो. एका फेजचं व्होल्टेज तुटलं, तर दोन तृतीयांश. म्हणून एखाद्या मजल्याचा वापर अचानक तिसऱ्या हिश्श्यावर आला तर बचत झाली म्हणून खूश होऊ नका, इलेक्ट्रिशियनला मीटरच्या पाठीमागच्या वायर बघायला सांगा. सगळ्या सब-मीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा थोडी कमी येणं स्वाभाविक आहे. मुख्य मीटर उच्चदाब बाजूला असेल तर ट्रान्सफॉर्मरमध्येच दीड-दोन टक्के जातात. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला की कुठलं तरी फीडर (वीजवाटपाची शाखा) मोजलंच जात नाही, किंवा एखादा मीटर चुकतो आहे.

गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा घ्यावा. देशाच्या एकत्रित ग्रीडसाठी तो २०२२-२३ साठी प्रतियुनिट ०.७१६ किलो, तर २०२३-२४ साठी ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड होता. ज्या वर्षाची वीज, त्याच वर्षाचा गुणांक. तो अजून प्रसिद्ध झाला नसेल तर आधीच्या वर्षाचा वापरून तशी टीप लिहा आणि नवा आला की दुरुस्त करा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: २४ लाख युनिटांचं उत्सर्जन ०.७१६ ने १,७१८.४ टन येतं आणि ०.७२७ ने १,७४४.८ टन. इमारतीत काहीही न बदलता २६.४ टन वाढले. म्हणून तक्त्यात युनिटांचा रकाना टनांच्या शेजारी कायम ठेवा, नाहीतर ग्रीडमुळे झालेल्या बदलाचं श्रेय किंवा दोष इमारतीच्या माथी जातो.

छतावर सोलर असेल तर आणखी काळजी घ्या. महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटं धरली, तर १०० किलोवॅटचा संच वर्षाला साधारण १.४६ लाख युनिटं देतो. नेट मीटरिंगच्या बिलावर आयात, निर्यात आणि निव्वळ असे तीन आकडे असतात. गुणायचे ते आयात युनिटांना. सोलरची जी वीज जागेवरच वापरली गेली ती मुळात ग्रीडमधून आलेलीच नाही, त्यामुळे आयातीचा आकडा आपोआप कमी झालेला असतो. रविवारी ग्रीडला दिलेली युनिटं आयातीतून वजा करू नका. ती हवी तर वेगळ्या ओळीत दाखवा.

ग्रीन टॅरिफ (वीजकंपनीचा हरित विजेचा दर) किंवा ओपन ॲक्सेसने (थेट उत्पादकाकडून) पवन-सौर वीज घेत असाल तर दोन बेरजा लिहा. एक ग्रीडच्या सरासरी गुणांकाने, सगळ्या युनिटांची. दुसरी करारानुसार, ज्यात ती वीज शून्य धरलेली असते. त्या विजेची प्रमाणपत्रं उत्पादकाने दुसऱ्या कोणाला विकलेली नाहीत याचं लेखी पत्र नसेल, तर दुसऱ्या बेरजेत शून्य लिहिण्याचा हक्क तुम्हाला नाही.

डीजी (डिझेल जनरेटर) आणि डिझेल

१ लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. अवघड असतं ते लिटर मोजणं. खरेदीची पावती म्हणजे वापर नव्हे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, उणे शेवटचा साठा, हा वापर. डे टँक (जनरेटरजवळची रोजच्या वापराची टाकी) उभी चौकोनी असेल तर पट्टी लावून मोजणं सोपं आहे. आडवी गोल टाकी असेल तर उंचीच्या प्रमाणात लिटर धरू नका. अशा टाकीत पाव उंचीपर्यंत डिझेल असताना आकारमानाने ते जेमतेम २० टक्के असतं. टाकीबरोबर आलेला डिप चार्ट (किती उंचीला किती लिटर, हा तक्ता) हरवला असेल तर नवा करून घ्या आणि टाकीशेजारीच चिकटवा.

पडताळणी डीजीच्या युनिट मीटरशी करा. बऱ्या लोडवर चाललेला संच १ लिटरमध्ये ३ ते ३.५ युनिटं देतो. तुमचा आकडा २ च्या आसपास घुटमळत असेल तर संच फार कमी लोडवर चालतो आहे, टेस्टिंगसाठी रिकामा फिरतो आहे, किंवा डिझेल दुसरीकडे जातं आहे. फायर पंपाच्या इंजिनाचं डिझेल विसरू नका, ते सहसा त्याच बॅरलमधून भरलं जातं.

नव्या टॉवरमधल्या प्रीपेड मीटरमध्ये ग्रीडची आणि डीजीची युनिटं वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये मोजली जातात, पण सॉफ्टवेअरच्या मासिक रिपोर्टमध्ये अनेकदा दोन्हींची बेरीज येते. ती बेरीज ग्रीडच्या गुणांकाने गुणली, तर डीजीची वीज दोनदा मोजली जाते: एकदा डिझेल म्हणून, एकदा वीज म्हणून.

पाइप गॅस आणि सिलिंडर

कँटीन, हॉटेलचं किचन आणि गरम पाण्याचे बॉयलर इथे हा भाग येतो. एलपीजीचा गुणांक १ किलोला सुमारे २.९८५ किलो, म्हणजे १९ किलोचा एक कमर्शियल सिलिंडर जवळपास ५६.७ किलो. पाइप गॅसच्या १ प्रमाणित घनमीटरला सुमारे २ किलो धरा. बिलावर उष्मांक दिलेला असेल तर त्यावरून नेमका काढा. बिल अंदाजे रीडिंगचं आहे का ते बघा, कारण अंदाजाची दुरुस्ती पुढच्या महिन्यात एकदम येते आणि तक्त्यात उगाच उंच खांब दिसतो.

एसीतला गॅस: जिथे हिशेब सर्वात जास्त चुकतो

रेफ्रिजरंट, म्हणजे एसीत फिरून थंडावा देणारा गॅस, जळत नाही, गळतो. आणि गळलेला १ किलो गॅस हवेत किती कार्बन डायऑक्साइडइतकं काम करतो ते पाहिलं की त्याचं गांभीर्य कळतं. आंतरसरकारी हवामान समितीच्या पाचव्या अहवालानुसार १०० वर्षांच्या हिशेबात आर-४१०ए चा आकडा १,९२४ आहे, आर-१३४ए चा १,३००, आर-४०७सी चा १,६२४, आर-३२ चा ६७७ आणि आर-२२ चा १,७६०. म्हणजे ११.३ किलोचा आर-४१०ए चा एक सिलिंडर पूर्ण गळाला, तर २१.७ टन. तेवढ्या उत्सर्जनासाठी ८,००० लिटरहून जास्त डिझेल जाळावं लागेल. चौथा, पाचवा की सहावा अहवाल, यांतला एकच निवडा. दोन अहवालांतले आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

नोंदी का राहत नाहीत? कारण एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) सर्वसमावेशक असते. गॅस भरण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, म्हणून बिलावर ओळच येत नाही आणि अकाउंट्स विभागाकडे कागद पोहोचत नाही. टेक्निशियनच्या सर्व्हिस रिपोर्टवर ‘गॅस टॉपअप केला’ एवढंच असतं. यावर उपाय करारातच आहे. नूतनीकरणाच्या वेळी एक अट घाला: प्रत्येक भरणीला गॅसचा प्रकार आणि किलो लिहिल्याशिवाय सर्व्हिस रिपोर्टवर सही होणार नाही.

भरणी अशी नोंदवा. १०० किलोपर्यंत मोजणारा, १० ग्रॅमची अचूकता असलेला डिजिटल काटा प्लँटरूममध्ये ठेवा. सिलिंडर सपाट जमिनीवरच्या काट्यावर चढवा, नळ्या जोडून झाल्यावर वजन लिहा, भरणी संपून व्हॉल्व्ह बंद केल्यावर पुन्हा लिहा. नळी काट्यावर टेकून राहिली तरी १००-२०० ग्रॅम इकडचे तिकडे होतात, म्हणून ती हाताने सैल सोडा. लॉगबुकात सहा रकाने पुरतात: तारीख, यंत्राचा टॅग, गॅसचा प्रकार, आधीचं वजन, नंतरचं वजन, कारण. कारणाच्या रकान्यात ‘कमी झाला’ असं लिहू देऊ नका. फ्लेअर नट, श्रेडर व्हॉल्व्ह, कंडेन्सर कॉइल, शाफ्ट सील, नेमकी जागा हवी. एकाच टॅगसमोर वर्षात दुसऱ्यांदा टॉपअप दिसला की आधी गळती शोधायची, मग गॅस भरायचा. दाब तपासण्यासाठी आणलेल्या नायट्रोजनचे सिलिंडर या हिशेबात येत नाहीत.

वर्षाचा आकडा असा निघतो: सुरुवातीला स्टोअरमध्ये असलेला गॅस, अधिक वर्षातली खरेदी, उणे शेवटी उरलेला, उणे यंत्रांतून काढून परत दिलेला, उणे यंत्रांच्या एकूण क्षमतेत (नेमप्लेटवर लिहिलेल्या गॅसच्या किलोंत) झालेली वाढ. नव्या यंत्रात जागेवर भरलेला गॅस अजून आतच आहे, म्हणून तो क्षमतावाढीतून वजा होतो. जुनं यंत्र भंगारात काढलं की क्षमता तेवढी घटते, आणि त्यातला गॅस मशीन लावून काढून घेतलेला नसेल तर नेमप्लेटवरचं सगळं वजन उत्सर्जनात येतं. स्प्लिट एसीच्या भंगारात हेच होतं: नळी कापली जाते, फुस्स असा आवाज होतो आणि १ किलोच्या आसपास गॅस निघून जातो. भंगारवाल्याला यंत्र देण्याआधी गॅस काढल्याची पावती घ्या. वापरून ‘रिकाम्या’ झालेल्या सिलिंडरमध्येही तळाला थोडा गॅस राहतो, तो फेकू नका.

आर-२२ हा ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. प्रचलित हिशेबपद्धतीत तो तिन्ही व्याप्तींच्या बाहेर, वेगळ्या ओळीत दाखवतात. वेगळा म्हणजे गाळलेला नव्हे. न्यूयॉर्कचा कायदा फक्त ऊर्जेतून होणारं उत्सर्जन मोजतो, रेफ्रिजरंट त्यात नाही. आपल्या दमट हवेत, वर्षाचे दहा महिने चालणाऱ्या यंत्रांसाठी ते वगळणं आम्हाला योग्य वाटत नाही.

सर्व्हर रूममधल्या आग विझवणाऱ्या एफएम-२०० चा आकडा ३,३५० आहे. चुकून एकदा सुटला तरी मोठी नोंद होते. आरएमयूमधल्या (उच्चदाब स्विचच्या पेटीतल्या) एसएफ६ वायूचा तर २३,५००. तो सीलबंद असतो, पण दाबाच्या काट्याची सुई हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर तिमाहीला पाहून लिहा.

एक बेरीज करून पाहू

समजा २०,००० चौरस मीटरची ऑफिस इमारत आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४.

ग्रीडची वीज २४,००,००० युनिटं × ०.७२७ = १,७४४.८ टन
डिझेल ९,००० लिटर × २.६८ = २४.१ टन
पाइप गॅस १२,००० घनमीटर × २ = २४ टन
एलपीजी ६० सिलिंडर, १,१४० किलो × २.९८५ = ३.४ टन
आर-१३४ए, चिलरची गळती ६० किलो × १,३०० = ७८ टन
आर-४१०ए, व्हीआरएफ (एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिटं चालवणारा एसी) आणि स्प्लिट २२ किलो × १,९२४ = ४२.३ टन

एकूण १,९१६.६ टन, म्हणजे चौरस मीटरमागे जवळपास ९६ किलो. डिझेल, पाइप गॅस आणि सिलिंडर मिळून साडेएक्कावन्न टन. नोंदच न होणारा एसीचा गॅस १२० टन, दुपटीहून जास्त.

कचरा आणि सांडपाणी

दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा होत असेल तर त्याचं वजन तसंही ठेवावं लागतं. ओला कचरा जागेवर जिरवला तर थोडाच मिथेन सुटतो, देवनार किंवा कांजूरमार्गसारख्या कचराभूमीवर गेला तर जास्त. तिसऱ्या व्याप्तीत त्याची एक ओळ पुरे. एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) वीज कॉमन मीटरमध्ये आधीच आलेली असते, ती पुन्हा मोजू नका.

महिन्याची पडताळणी

चालू महिना मागच्या महिन्याशी न ताडता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. मे आणि जानेवारीची तुलना काहीच सांगत नाही, आणि ऑक्टोबरचा उकाडा दरवर्षी सारखा नसतो. एखादं रीडिंग हुकलं तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून अंदाज घ्या, पण रकाना पिवळा करा, म्हणजे तो अंदाज आहे हे नंतरही कळेल. बिल ५ तारखेपासून ५ तारखेपर्यंतचं असेल तर दिवसांच्या प्रमाणात युनिटं दोन महिन्यांत वाटून टाका.

मीटरचा लोड प्रोफाइल (वेळेनुसार विजेच्या वापराची नोंद) मिळत असेल तर रविवारी पहाटे तीनचा लोड बघा. ऑफिस बंद असताना तो दिवसाच्या ४० टक्के असेल तर सर्व्हर रूमपलीकडेही काहीतरी चालू राहिलं आहे. बहुधा एएचयूचा (थंड हवा खेळवणाऱ्या युनिटचा) टायमर किंवा कूलिंग टॉवरचा पंप.

तुलनेसाठी पायाभूत वर्ष निवडताना २०२०-२१ टाळा. करोनाकाळात ऑफिसं रिकामी होती, त्यापुढे कुठलंही वर्ष वाईटच दिसेल. पुढे इमारतीला नवी विंग जोडली किंवा मध्यवर्ती चिलर भाडेकरूकडे गेला, तर पायाभूत वर्षही त्याच हद्दीने पुन्हा मोजा.

३१ मार्चला संध्याकाळी एक फेरी मारा. मुख्य मीटर, सोलरचा मीटर, डीजीचा युनिट मीटर आणि तासांचा मीटर, डे टँकची पट्टी, स्टोअरमधल्या प्रत्येक गॅस सिलिंडरचं काट्यावरचं वजन, प्रत्येकाचा फोटो घ्या. फोटोत आकडा आणि यंत्राचा टॅग दोन्ही दिसायला हवेत. हेच फोटो नव्या वर्षाचा सुरुवातीचा साठा ठरतात, आणि तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी तेच मागतो.